चालू स्थितीत

पद्मा मॅडम संगणकाच्या खोलीत चपला घालून जायच्या. यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. पण आमच्या शाळेत त्या खोलीबाहेर देवळासारखी चपलांची रांग लागायची. आत दहा संगणक, त्यांच्यावर फुलाफुलांची कापडी झाकणं, आणि भिंतीवर मी स्वतः रंगवून घेतलेली पाटी : ‘हात लावू नये.’ पहिल्याच दिवशी मॅडमनी ती पाटी वाचली आणि मला विचारलं, “सर, हात लावायचा न्हाई, तर मला कामून पाठवलंय हितं?”

शाळा जिल्हा परिषदेची, शिरूर अनंतपाळ तालुक्यातली, आठवीपर्यंतची. मी तिथं प्रभारी मुख्याध्यापक होतो. मॅडम धर्माबादच्या, कंत्राटावर नेमलेल्या संगणक शिक्षिका. अंगानं लहानखुऱ्या, आवाज मात्र पार फाटकापर्यंत जाणारा. रागावल्या की अर्धं वाक्य तेलुगूत निघून जायचं, आणि त्या जवळजवळ रोज रागवायच्या. त्यांच्या पर्समध्ये एक पेचकस, धूळ झटकायला रंगाचा जुना ब्रश आणि साधं पोरांचं खोडरबर असायचं.

खंडेनवमीला आम्ही संगणकांची पूजा केली. हळदकुंकू थेट कळफलकांवर वाहिलं, नारळ फोडला, त्याचं पाणीही थोडं उडालं. सुट्टीनंतर चार कळफलकांच्या कळा चिकटून बसलेल्या. मॅडमचा पारा चढला. “नांगराला हळद लावता, पर वर्षभर तो चालवता का न्हाई? ह्याला निस्ती हळद!” मी मुख्याध्यापक असूनही त्या दिवशी स्टाफरूममध्ये लपून बसलो.

मग त्यांनी सातवीतल्या पाच पोरींची दुरुस्तीची टोळी केली. सारिका त्यांची पुढारी. शेतमजुराची मुलगी, वर्गात तोंडातून शब्द न काढणारी. काही बिघडलं की मॅडम खुर्चीत हाताची घडी घालून बसायच्या आणि म्हणायच्या, “मी उठणार न्हाई. बिघडू द्या लई. बिघडल्याबिगर आत काय हाय ते दिसतंय का?” पोरी पेटी उघडायच्या, चुकायच्या, शिव्या खायच्या, पुन्हा उघडायच्या. सहा महिन्यांत अशी वेळ आली की ऑनलाइन माहिती भरताना अडलो की मीच सारिकाला वर्गातून बोलावून घ्यायचो. तेव्हा मला कुठलाही नियम आठवत नसे, हेही सांगून टाकतो.

एकदा तालुक्याहून साहेब आले. त्यांच्यासमोरच पहिला संगणक नुसता टूं टूं करत राहिला. कंपनीच्या माणसाला फोन लावला तर तो पुढच्या महिन्यात येणार. मॅडम खुर्चीवरून हलल्या नाहीत. सारिका उठली, पेटीचा पत्रा उघडला, आतली एक हिरवी पट्टी काढली, तिचे पितळी दात खोडरबरानं घासले आणि परत बसवली. संगणक सुरू झाला. मला वाटलं, साहेब पोरीच्या पाठीवर हात ठेवतील.

साहेब ओरडले, “पोरीला यंत्राला हात कुणी लावू दिला? काही झालं असतं तर जबाबदार कोण?”

ते माझ्याकडं बघून विचारत होते. मी मॅडमकडं बघितलं.

“मी हाय जबाबदार,” मॅडम म्हणाल्या. “आन् सुरू कुणी केलं ते बी विचारा की वो सायेब.”

साहेबांनी ते विचारलं नाही. आठवड्यात नोटीस आली. यापुढे विद्यार्थ्यांना यंत्राला हात लावू देणार नाही, असं मी माफी मागून लेखी दिलं. पोरीनं चालू केलेल्या यंत्रापायी माफी मागणारा तो कागद माझ्या सुवाच्य अक्षरात आहे. आठवला की आजही अंगाचा तिळपापड होतो, आणि त्यातला निम्मा राग माझ्यावरच असतो.

एप्रिलमध्ये मॅडमचं कंत्राट संपलं, ते पुन्हा झालं नाही. जाताना त्यांनी एकच मागितलं. “सर, मी गेले तर जाऊ द्या. किल्ली पोरीपाशी राहू द्या. आठ-पंधरा दिसाला सुरू केलं न्हाई तर समदं खराब होतंय.” मी ‘बघतो’ म्हणालो. मग दहा संगणकांच्या यादीपुढं ‘चालू स्थितीत’ असं लिहिलं, सही केली आणि किल्ली माझ्या कपाटात टाकली. पुढचं वर्षभर सारिका दर सोमवारी दारात यायची. “सर, किल्ली?” मी म्हणायचो, “वरून आदेश येऊ दे.” आठवी झाली, ती शाळेतून गेली. आदेश कुठून येणार होता? मी मागितलाच नव्हता.

त्यानंतरच्या वर्षी त्याच साहेबांची तपासणी लागली. आदल्या दिवशी झाडून घ्यायला खोली उघडली, तर उंदरांनी आतल्या सगळ्या वायरी कुरतडून खाल्ल्या होत्या. एकही संगणक चालू होईना. मी निर्लज्जपणे मॅडमनाच फोन लावला. धर्माबादला त्यांनी मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. सगळं ऐकून घेऊन त्या पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. “उंदरानं खाल्लेलं चालतंय, सर. पोरीनं हात लावलेला चालत न्हाई तुम्हाला.” आणि फोन ठेवला. मी झाकणं तेवढी धुऊन घेतली आणि आतली घाण तशीच ठेवून परत वर घातली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. दाराशी बूट काढले, मोज्यांवर आत गेले, धुतलेल्या झाकणांवरून नजर फिरवली. “छान जपलंय,” म्हणाले आणि मी दारात उभा होतो तर आतूनच यादी माझ्यापुढं केली. सगळं छापलेलंच होतं : चालू स्थितीत. फक्त सही हवी होती.

मी चपला घालूनच आत गेलो आणि पहिलं झाकण ओढलं. उंदराच्या लेंड्या आणि वायरींचा भुगा साहेबांच्या मोज्यांवर पडला.

“हे काय आहे? याला जबाबदार कोण?”

“मी,” मी म्हणालो.

हेच उत्तर सारिकाच्या हातात खोडरबर होतं तेव्हा द्यायचं होतं.