आज बांगडा

पंच्याऐंशीच्या सुमारास कांजूरमार्गच्या आमच्या चाळीत शेजारच्या भाऊंच्या आधी त्यांचा वास जिना चढायचा. व्हिनेगरसारखा, नाकाला झोंबणारा. कारखान्यात ते ॲसेटिक अनहायड्राइडच्या टाक्यांवर होते. मी नाक मुरडलं की हसायचे. "वहिनी, याच्याशिवाय तुमची डोकेदुखीची गोळी बनत नाय हां!"

दारात पोचले की लांब श्वास घ्यायचे. "व्वा, आज बांगडा!" रोज बरोब्बर ओळखायचे. त्यांची पावलं वाजली की बायको मला ओरडून सांगायची, "वैनी, आज बांगड्याचा तिखला केलाय!" मला वाटायचं, बाई फारच मिरवते.

ती गावाला गेली तेव्हा एकदा माझं दूध करपलं. अख्ख्या मजल्यावर वास. माझ्या हातातलं पातेलं बघून भाऊ म्हणाले, "काय झकास वास सुटलाय! खीर ना?"

चेष्टा वाटली. पण चेहरा अगदी भाबडा होता. टाक्यांच्या वाफेनं त्यांचं नाक कधीच मेलं होतं, आणि बायको ते कुणाला कळू देत नव्हती.

दुसऱ्या दिवशी जिन्यावर पावलं वाजली. घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं, तरी मी ओरडले, "अहो, आज कोलंबी केलीय!"

भाऊंनी दारात थांबून लांब श्वास घेतला.

"व्वा," ते म्हणाले, "कोलंबी!"