कंपनी गाडी देणार, पण

"काकू, ऐकलं का? कंपनी विकासभाऊंना अख्खी गाडी देणार हाय, पण..."

शमीमभाभी एवढं बोलली आणि गिरणीवाल्यानं पट्टा चढवला. त्या घरघराटात तिचे ओठ हलत राहिले, हात हलत राहिले, आणि मी मान हलवत राहिले. माझं पीठ होईस्तोवर ती डबा डोक्यावर घेऊन निघूनसुद्धा गेली होती. 'पण'च्या पुढचं सगळं जाग्यावरच राहिलं.

आता अर्धी बातमी घरी नेऊन मी काय करणार? वाटेत तीन घरं लागतात, तिन्ही घरी जेवढी होती तेवढी वाटली. संध्याकाळपर्यंत सगळ्या ढोकीला माहीत झालं : विकासला कंपनी गाडी देतेय. 'पण' तेवढा माझ्यापाशीच राहिला.

विकासचं शेड आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आहे. मी कुणाच्या चौकशा करत नाही. भाकरी थापताना जे दिसतं ते बघते, एवढंच. पण त्या शेडाचे किस्से कडब्याच्या गंजीसारखे आहेत, एक पेंढी ओढावी तर मागनं चार घसरतात.

नव्या माणसासाठी थोडं सांगते. विकास ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज चालवतो. शमीमभाभीचा नवरा महेबूब त्याचा मिस्त्री. दोघांना नाद मोटारींच्या रेसचा. मातीच्या मैदानात वळणं आखतात, घड्याळ लावून एकेक गाडी सोडतात, तसल्या रेसचा. विकास चालवणार, महेबूब बाकीचं सगळं करणार. झाली टीम!

गेल्या वर्षी एका वळणावर त्यांची गाडी उलटली. विकासला खरचटलंसुद्धा नाही, इंजिनही शाबूत. पण टप असा दबला की गाडीत बसायचं तर मान घरी ठेवून जायला लागावं. त्या दिवशी विकासच्या बायकोनं, रेखानं, जाहीर केलं, "दसऱ्यापर्यंत दुसरी गाडी शेडात आली तर शेड तुमचं. न्हाय आली तर तितं माझी म्हैस बांधणार. मंग रेस बंद म्हंजी बंद!"

रेखाचे नळदुर्गचे मामा म्हशींचे व्यापारी आहेत. त्यामुळे ही धमकी पोकळ नव्हती.

आणि तेव्हाच विकासला कळलं, की तो जी गाडी पळवतो ती बनवणारी कंपनी लहान लहान टीमना सपोर्ट देते. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. मला काय सपोर्ट आहे त्यांचा, फुकट जाहिरात करायला!

*

सपोर्टचं पहिलं पार्सल आलं तेव्हा महेबूबनं ते दोन्ही हातांनी पेलायची तयारी करून धरलं. "भाऊ, शॉकअप असतील," म्हणाला. पार्सल एका हातात मावलं. आतून निघाल्या टोप्या आणि स्टिकर.

स्टिकर गाडीला लावून फोटो पाठवायचा, अशी अट होती. आता ती चेंबलेली गाडी, तिला सरळ जागा कुठून आणायची? दारावर लावलं, तर दाराच्या घडीत कंपनीचं निम्मं नाव गडप झालं. फोटो गेला. पुण्याहून कंपनीच्या साळवी साहेबांचा फोन आला. विकासनं फोन स्पीकरवर ठेवला होता, म्हणून मला ऐकू आलं. नाहीतर मी कशाला ऐकते!

"अहो, आमचं नाव अर्धंच दिसतंय."

विकास नम्रपणे म्हणाला, "साहेब, सपोर्ट पुरा आला की नावबी पुरं दिसंल."

उरलेलं एक स्टिकर त्यानं मला आणून दिलं. "काकू, तुमच्या खिडकीला लावा. आमच्या टीमवर सगळ्यात जास्त लक्ष तुमचंच हाय."

मी लावलं. काचेला तडा होता, झाकला गेला.

*

दुसरा सपोर्ट ऑइलचा. भला मोठा डबा आला. महेबूबनं वरचं वाचलं, फिरवून वाचलं आणि खाली बसला. ऑइल होतं डिझेल गाडीचं, आणि ह्यांची गाडी पेट्रोलवरची!

परत पाठवावं तर साहेब म्हणाले, "परत घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही." शेवटी विकासचे वडील, नाना, पुढं झाले. त्यांनी ते आपल्या ट्रॅक्टरात ओतलं आणि हक्कानं ट्रॅक्टरच्या नाकावर स्टिकरही लावलं. म्हणजे ढोकीत कंपनीचा खराखुरा सपोर्ट मिळालेली गाडी एकच, नानांचा ट्रॅक्टर. तोही दुसऱ्याच कंपनीचा!

नाना कंपनीची टोपी घालून ऊस घेऊन कारखान्यावर गेले. लाईन लांबच लांब. कुणीतरी डिवचलं, "का ओ नाना, रेसची गाडी अन् हितंच हुबी?"

नाना म्हणाले, "आरं, कंपनीनं ऑइल दिलंय. नंबर कारखाना देतो."

*

मग आला सूट. आगीत जळत नाही म्हणे. गळ्यापासून पायापर्यंत एकसंध, लाल-पांढरा, आणि माप असं की विकास आणि महेबूब दोघं एकदम आत गेले असते! विकासनं तो घालून आरशात बघितलं. रेखानं विकासकडं बघितलं.

"आहो, ह्यात तुमी कुटं हायसा?"

सूट धुऊन दोरीवर टाकला. दुसऱ्या दिवशी दोरीवर नाही. पुढच्या आठवड्यात साळवी साहेबांचा व्हिडिओ कॉल आला, "सूट घालून दाखवा जरा."

विकासनं नानांकडं बघितलं. नानांनी फोन आपल्या हातात घेतला आणि बाहेर नेऊन मळ्याकडं धरला. बाजरीत सूट उभा. दोन्ही हात पसरलेले, डोक्यावर कंपनीची टोपी.

साहेबांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "लांबून चांगला दिसतोय."

नाना म्हणाले, "तर! एक चिमणी फिरकंना!"

*

साळवी साहेब स्वतः टीम बघायला आले, तो दिवस मी विसरणार नाही. कारण चहा माझ्या घरचा होता.

साहेब बारीक, चष्मेवाले, स्वभावानं गरीब. कंपनीनं टीमना द्यायच्या वस्तू थोड्याच ठेवलेल्या असणार, आणि मागणारे गावोगावचे. त्यांनी घड्याळ काढलं आणि म्हणाले, "चाक किती वेळात बदलता ते बघायचंय. यावर पुढचं ठरेल."

विकासचा चेहरा उतरला. दसरा तोंडावर आलेला. रेखा दारात उभी राहून शेडाकडं, म्हैस कुठं बांधायची त्या नजरेनं बघत होती.

"सुरू!" साहेबांनी घड्याळ दाबलं. महेबूबनं जॅक लावला, विकासनं नट सैल केले, चाक बाहेर. मी तर तोंडात पदर धरून बघत होते! तेवढ्यात रेखा माझा चहा घेऊन बाहेर आली.

आता सांगा, पाहुणा दारात, चहा पुढ्यात, आणि आपण चाकाशी झटत बसायचं? ही काय रीत झाली? महेबूबनं पाना खाली ठेवला, हात धुतले, खुर्ची पुसली.

"बसा साहेब. पयले चहा."

"अहो, घड्याळ चालू आहे!"

"चालू द्या की. आमी कुटं त्याला अडवलंय?"

साहेब बसले. चहावर भागेना म्हणून रेखानं भाकरी आणली, शेंगाची चटणी आणली. नानांनी दह्याचं मडकं आणलं. साहेबांनी पाटबंधाऱ्याच्या पाण्यापासून स्वतःच्या मुलीच्या लग्नापर्यंत सगळं सांगितलं. मुलीचं अजून जमत नाही हे ऐकून मी आमच्या तेरच्या पाहुण्यांतला एक मुलगा सुचवला. गाडी तीन चाकांवर ऐकत उभी होती.

मग सगळ्यांनी त्यांना निरोप दिला. येडशी ओलांडल्यावर साहेबांचा फोन आला, "अहो, ते घड्याळ माझ्या खिशात अजून चालूच आहे!"

विकासनं विचारलं, "मंग आमचा टायम किती लागला, साहेब?"

तिकडं साहेब पोट धरून हसले. "तुमचं काहीतरी करतो," म्हणाले.

त्यानंतर चार दिवसांनी मी गिरणीवर गेले, आणि शमीमभाभी बोलली ते बोलली.

*

आता शेवटचं.

मी वाटलेल्या बातमीनं काय केलं बघा. खंडेनवमीच्या दिवशी फाट्यावर ट्रकमधून गाडी उतरली, तर तिथं अर्धं गाव हजर! हलगीवाले हजर, गुलाल हजर. विकासनं मला गर्दीत बघितलं आणि हात जोडले. मला वाटलं, आनंदानं जोडले.

गाडी कोरी करकरीत, पांढरीशुभ्र. पुढून नाक जरा वर करून उभी होती. मी म्हटलं, नव्या गाडीला तेवढा ताठा असायचाच!

कुणीतरी ओरडलं, "विकास, चालवत घे की!"

"न्हाय न्हाय," विकास घाईनं म्हणाला, "तुळजापूरला आईचं दर्शन झाल्याबिगर इंजिन चालू करायचं न्हाय. बोललोय तसं मी."

आईचं नाव आल्यावर कोण बोलणार? नानांचा ट्रॅक्टर पुढं, दोरानं बांधलेली गाडी मागं, स्टिअरिंगवर विकास, आणि शेजारी महेबूब, मयताला चालल्यासारखा. हलगीच्या तालावर वरात शेडापर्यंत आली.

रेखा ताट घेऊन उभी होती. खरं सांगते, तिचा चेहरा फुललेला होता. हरली होती बिचारी, पण हरल्याचं दुःख कुठं दिसत नव्हतं. तिनं गाडीवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली.

"आता लिंबावरनं घ्या."

"अगं, इंजिन चालू करायचं न्हाय..."

"नका करू. ढकला."

महेबूबनं मागून हात लावला, नुसता लावला हो, आणि गाडी टुणकन उडी मारल्यासारखी पुढं गेली! लिंबं चिरडून भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. नानांनी आयुष्यभर ट्रॅक्टर ढकललेले. ते गाडीच्या नाकाकडं बघत म्हणाले, "लईच हलकी हाय रं!"

"नव्या गाड्या हलक्याच असतात, नाना," विकास म्हणाला. एवढ्या लोकांत घाम फक्त त्यालाच फुटला होता.

रेखा ताट घेऊन पुढं आली. "इंजिनाला हळदकुंकू लावायचं राहिलं. झाकण उघडा."

"वरनंच लाव की."

"वरनं कसं? खंडेनवमी हाय. पूजा यंत्राची असती, पत्र्याची न्हाय."

विकास जागचा हलेना. महेबूब आभाळाकडं बघायला लागला. शमीमभाभीनं माझा दंड दाबला आणि कानात म्हणाली, "काकू, तेच तर म्या सांगत हुते!"

रेखानं स्वतः बोनेट उघडलं.

आत काही नव्हतं. काहीच नव्हतं म्हणजे खालची जमीन दिसत होती, आणि त्या जमिनीवरून नानांची कोंबडी निवांत चालली होती.

हलगी थांबली.

"अगं, ऐक," विकास भडाभडा बोलायला लागला, "कंपनी इंजिन देत न्हाय. तिथं गाड्या जुळवताना बाजूला काढलेली बॉडी असती, ती देते. पण आपलं जुनं इंजिन शाबूत हायच की! आपली बॉडी मोडली हुती, बॉडी आली. नेमकं पायजे तेच आलंय! महेबूब दिवाळीच्या आत इंजिन बसवतो, त्याच्यापुढच्या रेसला आपण हजर. मी तुला सांगणारच हुतो, निवांत... पण काकूंनी सगळं गावच गोळा केलं!"

सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं. मी कोंबडीकडं बघितलं.

रेखानं वाकून त्या पोकळीत बघितलं. मग तिनं चिमूटभर हळदकुंकू घेतलं, इंजिन असायचं तिथं आत सोडलं, हात जोडले आणि बोनेट बंद केलं. विकासनं श्वास सोडला.

तिनं कमरेचा मोबाईल काढला.

"हां, मामा, रेखा बोलतीय. व्हय, आली की गाडी. शब्द म्हंजी शब्द, शेड त्येंचं... न्हाय, सगळं न्हाय, निम्मं. जेवढी आलीया तेवढंच. उरल्यालं निम्मं माझं. म्हैस उद्या दसऱ्यालाच पाठवा."

तिकडून मामा काहीतरी बोलले. रेखानं विकासकडं बघितलं, गाडीकडं बघितलं.

"भाकड हाय व्हय? असू द्या, मामा. आमच्याकडं इंजिन नंतर बसवत्यात."