गणपतने कधी लिफ्ट दिली नाही

गणपत गेला आणि भागीकाकीचा दुसरा डोळा तसाच राहिला.

आज वर्ष झालं. स्पष्टच लिहितो.

काकी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आमच्या शेजारच्या वाडीत एकटी राहते. मुलगा मुंबईला. वाडीपर्यंत एसटी नाही.
पहिल्या मोतीबिंदूला माझ्या दोस्ताने, गणपतने, तिला बाइकवरून महाडला नेलं. दुसऱ्याच्या आधीच त्याला अटॅक आला.
वर्षभर तिने न्यायला आलेल्या सगळ्यांना परत पाठवलं. सरपंचालासुद्धा.
डोळ्यांच्या शिबिरातल्या डॉक्टरांनी शेवटी आजची तारीख दिली. म्हणाले, आता लांबवलंत तर डोळा हातचा जाईल.

मी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. इंग्रजी शिकलो ते डिक्शनरी पानापानाने वाचून. चुकीचा शब्द मला खपत नाही.
गणपतलाही समजावलं होतं. चालवतो तो रायडर. मागे बसतो तो पिलियन. भाडं देतो तो पॅसेंजर. रस्त्यात हात करतो तो हिचहायकर.

"आनि हात बघून थांबतो तो?"
"त्याला एका शब्दात काही नाही. मी शोधलंय."
"बरं झालं! नावच नाय तर पोलीस पावती कुनाच्या नावानं फाडनार?"

आज पहाटेपासून बूड टेकत नव्हतं. गाडी काढली, आत लावली, परत काढली.
शेवटी गाडी घेऊन काकीच्या अंगणात जाऊन उभा राहिलो.

"काकी, चल. महाडपर्यंत लिफ्ट देतो."
"नको."
"अगो, डोळा जाईल!"
"जाऊ दे. उपकाराचं नको मना."
"मग गणपतबरोबर कशी गेलीस?"
"तो कुठं देत होता? तो मागायचा. म्हनायचा, काकी, एकट्याला गाडीवर झोप येते, बोलायला चल. मी आपली दया करून जायचे."

गणपतला झोप?
महाबळेश्वरच्या घाटात ट्रक चालवण्यात हयात गेली त्याची.

मी निघायला किल्ली फिरवली. गाडी परत बंद केली.
म्हटलं, आपणही काहीतरी रचून सांगावं. तोंडातून भलतंच आलं.

"काकी, गणपत गेल्यापासून मला या रस्त्याने एकट्याला जाववत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. एकाच डोळ्याने, पण नीट.

"मग आधी नाय सांगायचं, मेल्या? थांब, लुगडं बदलून येते."

ऑपरेशन झालं. काकी आत झोपली आहे, पट्टी उद्या निघेल. मी बाहेर बाकावर.

वर्षश्राद्धाला पोचलो नाही, गणपत. समजून घेशील.
नमस्कार, गड्या.