मेंढ्यांचा ठावठिकाणा कुणी फोडला?

ते प्रकरण आठवले की मला आजही हसू फुटते. पोलीस खात्यात हसून सांगावे असे फार थोडे घडते, म्हणून ते लिहून ठेवतो.

तेव्हा मी भोकरदन तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. धावडा गावाकडे मेंढ्या चोरीला जाऊ लागल्या होत्या. खतासाठी शेतकरी रानात कळप बसवून घेतात. कुणाचा कळप कुणाच्या शेतात बसणार, हे मेंढपाळ मोबाईलवरच्या ग्रुपवर टाकायचे. चोर नेमके तिथेच टेम्पो घेऊन हजर.

ग्रुपचे ॲडमिन मिशीवाले, आवाज खणखणीत. ते चौघांना घेऊन ठाण्यात आले. “सायेब, ॲपच फुटकं हाय. आम्ही हे नवं उतरवून राह्यलो. बघा, लष्करी बंदोबस्त लिवलाय!”

आमच्या ठाण्यातली महिला शिपाई मोबाईलच्या बाबतीत तरबेज. तिने ते ॲप उघडले आणि कपाळाला हात लावला. “काका, निरोप पाठवायला याला तुमचे फोटो, बँकेचे मेसेज आणि दिवसभराचं ठिकाण कशाला हवं? बनवणाऱ्याचा पत्ताही कुठं नाही. काढून टाका.”

मग तिने दुसरे सुचवले. त्यात निरोप पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्याच फोनमध्ये उघडतो. मधल्या कंपनीलाही तो वाचता येत नाही. जाहिराती नाहीत. शिवाय ॲप कसे बनवले आहे, हे जाणकारांना तपासायला खुले. खुले ठेवतात त्यांच्यावर मी जास्त विश्वास ठेवतो, कारण लपवाछपवी करणारे मी जन्मभर पाहिले आहेत. मंडळी ते ॲप उतरवून खूश होऊन गेली.

आठवड्याच्या आत पुन्हा चोरी झाली. या वेळी ॲडमिन एकटेच आले आणि हळू आवाजात खबर दिली, “सायेब, आमच्यातलाच माणूस हाय. समद्यांच्या मेंढ्या गेल्या, त्याच्या एकट्याच्याच कशा न्हाई गेल्या?”

तो माणूस म्हणजे त्यांचे होणारे व्याही. ॲडमिनच्या मुलाशी त्यांच्या मुलीची सोयरीक ठरली होती. सुपारी फुटायची बाकी होती, आणि ॲडमिननी ती थांबवली होती. गावात कुजबुज सुरू झाली होती. मुलीच्या बापाला चोरांचा साथीदार म्हटले की त्या घरावर काय गुदरते, हे सांगायला नको.

मी मुलीच्या बाबांना चौकशीला बोलावले. मुलगी सोबत आली होती. खरे लपवणारा माणूस आधी पाणी मागतो, हा माझा अनुभव. बाबांनी पाणी मागितले नाही, ते सरळ चिडले.

“तुमचा कळप कुठे बसतो, हे तुम्ही ग्रुपवर का टाकत नाही?”

“मी त्यो ग्रुप उघडतच न्हाई, सायेब. दिस उगवला की फुलं, दिवे, शुभ सकाळ! फोन बंद पडायलाय. मी शेतमालकाच्या घरी जातो, चहा घेतो, सांगून येतो. आता चहा पेणं बी गुन्हा हाय का?”

मला हसू आवरेना. पण बापावरचा संशय हसण्याने फिटणार नव्हता. मी ग्रुपमधल्या सगळ्यांना फोनसह बोलावले. महिला शिपाईने एकेका फोनमध्ये ‘जोडलेली उपकरणे’ हा भाग उघडून पाहिला. ॲडमिनच्या फोनला एक संगणक जोडलेला निघाला.

“हा कुणाचा, काका?”

“त्यो व्हय? ऑनलाईनच्या दुकानातला. सातबाऱ्याची प्रिंट काढायला गेल्तो, तवा फोन जोडला. नवं ॲप बी त्याच संगणकाला जोडून घेतलं. नंतर बंद करावं लागतं का?”

कुलूप उत्तम होते, पण ॲडमिननी दुसरी किल्ली दुकानात ठेवली होती. नंतर चौकशीत कळले, दुकानदार जेवायला गेला की त्याचा एक मित्र खुर्चीवर बसायचा आणि ग्रुप निवांत वाचायचा.

संगणक आम्ही मुद्दाम जोडलेलाच ठेवला. ॲडमिननी ग्रुपवर खोटे शेत टाकले. तिथे रात्री घोंगड्या पांघरून माझे जवान बसले. तीन चोर लांबून कळप समजून आले, आणि पहिल्याच घोंगडीतून हवालदार उभा राहिला तेव्हा एकजण टेम्पो विसरून पळाला. पण शेवटी तिघेही पकडले. दुकानातला मित्र त्यांच्यातच होता.

दुसऱ्या दिवशी ॲडमिन ठाण्यात बाबांसमोर मान खाली घालून उभे. “व्याही, माझंच चुकलं. गावासमोर बोललो, आता गावासमोर माफी मागतो. पोरीला आमच्या घरी द्या.”

बाबांनी मुलीकडे पाहिले. ती पुढे झाली.

“मामा, आधी फोन द्या.”

ॲडमिननी निमूट फोन दिला. तिने जोडलेल्या उपकरणांतून तो संगणक काढून टाकला, त्यांच्या समोर पुन्हा तपासला आणि फोन परत केला. “आता बराबर हाय. सुपारी कधी फोडायची, ते बाबाला इचारा.”

ठाण्यात असा हशा उसळला की कोठडीतले तिघेही गजांपाशी आले.

लोक मला अजून विचारतात, कोणते ॲप घ्यावे? जे कमीत कमी मागते आणि कमीत कमी साठवते, ते घ्या. पण ते घेतल्यावर आपला फोन कुठे कुठे उघडा राहिला आहे, हेही बघा, आणि ते बघायच्या आधी शेजाऱ्याकडे बोट दाखवू नका. त्या दिवशी फोन तपासले नसते, तर मी एका निर्दोष बापाला आत बसवले असते आणि ती मुलगी दाराबाहेर रडत उभी असती. त्याऐवजी तिने ॲडमिननी माझ्या टेबलावर आणून ठेवलेला पेढ्यांचा पुडा उचलला आणि पहिला पेढा बापाच्या तोंडात घातला.