जाळीच्या वर एक वीत

चेंडू त्याच्या बोटांवरून वर जाई तेव्हा आवाज होत नसे. बाकी कुणाच्या हातून तो टपकन निघायचा. त्याच्या हातून नुसता सुटायचा. धंदा गाद्या शिवण्याचा, घरात कायम पिंजलेला कापूस, त्यामुळे लोक म्हणत, हात कापसाचे आहेत. त्याला ते पटत नसे. "कापसाचे कशानं, मास्तर? दाभण धरून धरून बोटं दगडाची झाल्यात," तो मला म्हणायचा आणि हात पुढे करायचा. बोटं खरोखरच टणक होती.

गाव त्याला 'ऑलिम्पिक' म्हणत असे. तो ऑलिम्पिकला कधी गेला नाही, हे म्हणणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

केडगावच्या आमच्या व्हॉलीबॉल संघात तो लिफ्टर होता, म्हणजे दुसऱ्याने मारावा म्हणून चेंडू जाळीवर उचलून देणारा. मारणारा मी होतो. मी प्राथमिक शाळेत नुकताच लागलो होतो. उंची पाच फूट चार इंच, एरवी पुस्तकात डोकं घालून बसणारा. अशा माणसाने स्मॅशर व्हावं हे हसण्यासारखंच होतं, आणि शेवगावचे खेळाडू पहिल्यांदा हसलेही. "मास्तरला स्टूल द्या रे," त्यांच्यातला एकजण म्हणाला.  ऑलिम्पिक चेंडू जाळीच्या वर बरोबर एक वीत ठेवत गेला, माझा हात जिथे पोचायचा तिथे. चेंडू तिथे क्षणभर थांबल्यासारखा वाटे. मी मारत गेलो. काही वर्षांत जामखेडपर्यंत माझं नाव झालं, आणि ते माझंच आहे असं मी समजत होतो.

एकाहत्तर साली त्याला पत्र आलं. देशाच्या संघासाठी शिबिर होतं. तिथे निवडलेला संघ आशियात जिंकला तर ऑलिम्पिकला जाणार, असं त्यात होतं. पत्र इंग्रजीत असल्याने मीच ते चहाच्या हॉटेलात वाचून दाखवलं. हॉटेलवाल्याने मधलं सगळं गाळलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "आपला गादीवाला ऑलिम्पिकला चालला."

तो नवव्या दिवशी परत आला. तिथले मारणारे साडेसहा फुटांच्या आसपास होते, आणि याचा चेंडू जाळीच्या वर एक वीतच जात होता. त्यांना तो तीन-चार विती वर हवा होता. "पाच वर्षांचा हात नऊ दिवसांत कसा उठंल?" तो म्हणाला. तो नसताना आम्ही एक सामना खेळलो होतो. दुसऱ्याने उचललेले चेंडू मी एकामागून एक जाळीत घातले. मी ते त्याला सांगितलं नाही. कुणीतरी सांगितलंच असेल.

हॉटेलवाल्याने दिलेलं नाव मात्र राहिलं. आधी टोमणा होता, मग सवय झाली. पोस्टमनसुद्धा त्याच नावाने घर विचारू लागला.

पुढच्या वर्षी, दुष्काळ पडला त्या साली, दुसरं पत्र आलं. शिबिराला तीन महिने होते. त्याआधी जिल्ह्याची फायनल होती, शेवगावशी. मैदानावर शिंपडायला पाणी नव्हतं, धुळीतच सराव चालायचा. एका संध्याकाळी सराव संपल्यावर जाळी सोडता सोडता तो म्हणाला, "मास्तर, आजपासनं चेंडू वर ठिवू का? तुमचं हुकंल. पन माझा हात बसंल."

मी जाळीची गुंडाळी करत राहिलो. मग म्हणालो, "फायनल होऊ दे, मग बघू."

"बरं," तो म्हणाला.

फायनल आम्ही जिंकलो. शेवटचा गुण माझा होता. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. शिबिराला तीन आठवडे उरले होते. त्याने दारातल्या लिंबाला दोरीने कापसाचा बोळा टांगला, शिबिरात हवा होता तेवढ्या उंचीवर, आणि रोज त्यावर चेंडू नेऊ लागला. या खेपेला तो सहाव्या दिवशी परत आला. "हात खालीच येतोय," एवढंच म्हणाला, आणि संध्याकाळी मैदानावर येऊन माझ्यासाठी चेंडू एक वीत वर ठेवला. तिसरं पत्र आलं नाही.

माझ्या लग्नात त्याने गादी शिवून आणली. पत्नी माझ्याहून चार बोटं उंच. तिचे पाय गादीबाहेर जात. तिने त्याला विचारलं, "भाऊ, माप न घेता शिवलीत का?"

"वहिनी," तो म्हणाला, "माझ्याजवळ एकाच मानसाचं माप हाय."

ती हसली. तोही हसला. मी चहा आणायला आत गेलो आणि आत बराच वेळ उभा राहिलो.

दर तीन-चार वर्षांनी तो घरी येऊन ती गादी उसवायचा, कापूस पिंजून पुन्हा भरायचा. आमची जुन्या दिवसांची बोलणी तेव्हाच व्हायची. फायनलच्या आधीची ती संध्याकाळ मात्र त्यात कधी आली नाही. काढायची असती तर मीच काढायला हवी होती.

गेल्या थंडीत तो गेला. दफनाला मी होतो. तीन मुठी माती दिली आणि पायीच घरी आलो.

आता गादीत गठळ्या झाल्या आहेत. परवा बाजारात नवीन गादीची चौकशी केली. दुकानदाराने विचारलं, "लांबी किती ठेवायची, काका?"

मला सांगता आली नाही. इतक्या वर्षांत ती कुणी विचारलीच नव्हती.