दुसऱ्याच्या पानावर

आधीच सांगून ठेवते, आमच्या घरात दृष्ट काढायला कधी मीठमोहरीसुद्धा ओवाळली गेली नाही. मांजर आडवं गेलं तर पप्पा मुद्दाम दोन पावलं जास्त टाकायचे. पप्पांच्या आजोबांनी गावी धम्म स्वीकारला, तेव्हाच देव, नवस, श्राद्ध, सगळ्याला एकदम रजा दिली. त्यामुळे या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर टाइमपास म्हणून वाचायचे आणि मनातल्या मनात लिहिणाऱ्याची खेचायचे... आता माझी खेचा. पण पूर्ण वाचून मग खेचा.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. चार मजली जुनी सोसायटी, लिफ्ट नाही, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. मी, आई आणि पप्पा. मी पवईत एका कंपनीत अकाउंट्स बघते, लग्न केलेलं नाही, आणि त्याबद्दल या ग्रुपवर सल्ले नकोत.

पप्पांना अन्ननलिकेचा कॅन्सर होता. केमो चालू होती ती मध्येच थांबवावी लागली, कारण वजन फार उतरलं. हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं – वजन वाढलं तर पुढची केमो, नाही तर आपण थांबू. थांबू म्हणजे काय ते आम्हाला कळत होतं. त्या दिवसापासून आमचं सगळं घर एका वजनकाट्याभोवती फिरायला लागलं. आई सकाळपासून पेज, मुगाचं पाणी, नाचणीचं आंबील करत बसायची. पप्पा दोन चमचे घ्यायचे आणि ओकून टाकायचे.

घाटकोपरला एक आयुर्वेदाचे डॉक्टर विजयाचं तेल देतात, असं ऑफिसातल्या मैत्रिणीनं सांगितलं. विजया म्हणजे आपली भांगच, फक्त औषधाच्या बाटलीतली. मोठ्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, कॅन्सरवर याचा उपयोग धरू नका, पण मळमळ आणि भुकेसाठी काहींना फरक पडतो, द्यायचं तर द्या. घाटकोपरचे डॉक्टरही भला माणूस, त्यांनीही आधी हेच सांगितलं. मग चिठ्ठी लिहून दिली, जिभेखाली किती थेंब टाकायचे ते समजावलं. आईचा जीव वर-खाली, पोलीस पकडतील म्हणून. पप्पा मात्र खूश. आयुष्यात कधी बिडी ओढली नाही, सुपारी खाल्ली नाही, आता सरकारमान्य भांग घेणार, असं येईल त्याला सांगत होते.

गणपती होऊन थोडे दिवस झाले होते. मी घरून काम करत होते. दुपारी पप्पांना थेंब दिले, ते तासभर शांत झोपले. कित्येक आठवड्यांत त्यांना तसं झोपलेलं पाहिलं नव्हतं. उठले आणि ढेकर दिला. आई पेजेची वाटी घेऊन आली तर म्हणाले, नको, आत्ताच जेवलो. गवारीची भाजी होती लाल भोपळा घातलेली, खीर होती, छोटे छोटे वडे होते. आई आणि मी एकमेकींकडे बघून हसायला लागलो. गवार म्हटलं की ताटावरून उठणारा माणूस!

दुसऱ्या दिवशीही तेच. कढी होती, अळूची भाजी होती, आमसुलाची चटणी जरा आंबट झाली होती. मला आधी मजा वाटत होती, मग टेन्शन आलं. कारण आईनं केलेलं ते तोंडातही घेईनात. पोट गच्च आहे म्हणायचे. भूक लागावी म्हणून तेल आणलं, तर त्या तेलानं भूकच मारली. घाटकोपरला फोन केला. ते म्हणाले, काहींना भास होतात, स्वप्नं फार स्पष्ट पडतात, थेंब कमी करून बघा. कमी केले. दोन दिवस पप्पा छातीशी उशी धरून कण्हत राहिले. मग आईनंच बाटली घेतली आणि पहिल्याइतके थेंब दिले. खाऊ देत स्वप्नात तर स्वप्नात, असं म्हणाली आणि बाथरूममध्ये जाऊन रडली.

पुढच्या तपासणीला वजन वाढलं होतं! थोडंसं, पण वाढलं होतं. मोठे डॉक्टर खूश झाले, काय खायला घालता म्हणून आईला विचारलं. ती माझ्याकडे बघायला लागली. आठवडाभर घशाखाली जेमतेम पाणी आणि चार चमचे पेज गेली होती. अंगात पाणी साठलं असेल तरी वजन वाढतं, असं मी नंतर वाचलं. असेलही. पण त्या दिवशी केमोची पुढची तारीख मिळाली आणि येताना आम्ही रिक्षात बसून चक्क पप्पांच्या पुढच्या वाढदिवसाचं बोलत होतो.

त्यानंतरच्या एका दुपारी पप्पा उठले आणि म्हणाले, आज काळ्या वाटाण्याचं सांबार होतं, जाड वडे होते. आणि पानाच्या कडेला बिडी ठेवली होती. मी नाही ओढली.

मी हो हो केलं आणि वाळत घातलेल्या चादरी काढायला गच्चीवर गेले. तिथे तिसऱ्या मजल्यावरच्या सावंत काकू उभ्या होत्या. कठड्यावर केळीचं पान. त्यावर भात, जाड वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार. आणि कडेला एक बिडी.

काकू मालवणच्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय झालाहा कळणा नाय गो. औंदा कावळो शिवाकच नाय. दुपारपासून उभी आसय."

मी विचारलं, ही बिडी कशाला? तर म्हणाल्या, सासऱ्यांचं पान आहे, त्यांना बिडीशिवाय चालायचं नाही, नवऱ्यानं सकाळीच स्टेशनकडून आणली. आणि एकट्या त्यांचंच नाही. पहिल्या मजल्यावर जोशींच्या पानाला नाही शिवला, समोरच्या विंगमध्ये नाही शिवला. यंदा सगळ्यांचीच पानं तशीच राहताहेत.

पितृपक्ष. तुम्ही सगळे मला हसाल, कारण तुमच्या कधीच लक्षात आलं असेल. पण मला पितृपक्ष म्हणजे एवढंच माहीत होतं, की त्या दिवसांत ऑफिसात कोणी नवी गाडी घेत नाही. त्यात काय रांधतात, पान कुठे ठेवतात, आमच्या घरात कोणाला माहीत असणार? वास आला असेल खिडकीतून, असं मी स्वतःला समजावलं. वडे तळल्याचा येईल. पण न पेटवलेल्या बिडीचा?

खाली आले. आई दूध आणायला गेली होती. पप्पांना सरळ विचारलं, तुम्ही कुठे जेवायला जाता ते तुम्हाला माहीत आहे?

त्यांनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली. मग म्हणाले, "माहीत आहे गं. माझ्या आज्यानं दुसऱ्यांच्या दारचं उरलंसुरलं घ्यायचं सोडलं. आणि मी रोज जाऊन बसतो. लाज वाटते. पण तिथं घास खाली उतरतो, सुजाता."

 मी त्यांचे पाय चेपत बसले.

सर्वपित्री अमावस्येला, म्हणजे पंधरवड्याच्या शेवटच्या दिवशी, त्यांनी स्वतःहून थेंब मागितले. झोपले. पण त्या दिवशी झोपेत त्यांचे हात हलत होते, कोणाला तरी नको नको म्हणत असल्यासारखे. गच्चीवर कावळ्यांचा एवढा कलकलाट चालला होता की मला खिडकी लावून घ्यावी लागली. जिन्यातून काकूंचा आवाज आला, शिवलो एकदाचो म्हणून कोणाला तरी सांगत होत्या.

पप्पा उठले ते घामाघूम. मी पाणी दिलं, ते त्यांनी बाजूला केलं. म्हणाले, आज घरोघरी पानं होती, पण एकही रिकामं नव्हतं. ज्याचं त्याचं माणूस येऊन बसलं होतं. मला उठवलं. तुझं पान कुठाय म्हणून विचारलं.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय, सांगितलं. आमच्यात वाढत नाहीत."

थोड्या वेळानं माझा हात धरून म्हणाले, "मी गेल्यावर तू पण वाढायचं नाहीस हां. मी घाबरलो म्हणून घरातलं सगळं उलटं फिरवू नकोस."

मी हो म्हटलं. काय म्हणणार होते?

पंधरवडा संपला आणि तेल जसं चालायला हवं होतं तसं चालायला लागलं. भूक लागायला लागली. थेंब घेतले की तासाभरात पप्पा खायला मागायचे – सुकट, भाकरी, मटणाचा रस्सा. आई धावत करायची. पहिला घास तोंडात जायचा आणि तिथेच अडकायचा. नळी आता पुरती बंद झाली होती. थेंब नाही दिले तर वेदना, दिले तर भूक. पप्पांसारखा माणूस लहान पोरासारखा ताटाकडे बघत रडायचा, आणि आम्ही दोघींनी त्याच्यासमोर जेवायचं बंद केलं. वजन धडाधड उतरलं. केमोची तारीख रद्द झाली. दिवाळीच्या आत पप्पा गेले.

डॉक्टरांना मी नंतर सगळं सांगितलं. मोठ्यांनी ऐकून घेतलं आणि भास म्हणाले. घाटकोपरचे डॉक्टर म्हणाले, एवढ्या पेशंटना दिलं, असं कोणी सांगितलं नाही. बिडीचं कसं ते दोघांनाही सांगता आलं नाही. मला तर नाहीच. मी अजूनही हे मानत नाही. मानलं तर मला जगता येणार नाही.

कारण यंदा पुन्हा पितृपक्ष आला. गेल्या आठवड्यात सावंत काकू दाराशी आल्या, हाताला पीठ तसंच. जरा घुटमळल्या, मग म्हणाल्या, "सुजाता, तुझ्या पप्पांच्या नावान पण एक पान वाढू काय गो? माका काय जड नाय."

मी म्हटलं, नको काकू, आमच्यात नसतं. त्यांना वाईट वाटलं असेल, पण तशाच वर गेल्या.

आईनं आतून विचारलं कोण होतं. मी सांगितलं, काय विचारलं तेही सांगितलं. ती भाजी चिरत होती. बरोबर केलंस, म्हणाली. तेच सांगून गेले होते ते.

मग विळी आडवी करून ठेवली.

"त्यांना भूक सहन व्हायची नाही गं कधी," म्हणाली.