आधी डिस्कचं माहेर विचारा

धुरीकाकांची आणि माझी पहिली भेट कसालच्या त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात झाली. कॉम्प्युटरचा कोर्स करून, प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी धामापूरहून काम मागायला गेले होते. काकांनी प्रमाणपत्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एक बंद पडलेली हार्ड डिस्क माझ्या हातात ठेवून ते म्हणाले, "हिचा माहेर खंयचा, ता आधी सांग." मला वाटलं, काका माझी फिरकी घेताहेत.

माहेर म्हणजे ती डिस्क पहिल्यांदा ज्या मशीनमध्ये बसली, ते मशीन. जुन्या डिस्कवरची जागा सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा तीन आकड्यांत सांगत. ही तिची भूमिती. डिस्कचे भाग पाडणारं सॉफ्टवेअर ती मोजत नाही, हे काकांनी मला शिकवलं. ते आधी डिस्कवरचा भागांचा जुना तक्ता वाचतं आणि आधीचा भाग कुठे संपला यावरून अंदाज बांधतं. तक्ता कोरा असेल, तर मशीनला विचारतं. मशीननेही सांगितलं नाही, तर नेहमीचा आकडा धरून मोकळं होतं. "ता बिचारा इचारता, आणि तुमी समाजतास ताका सगळा म्हायत आसा," असं म्हणून काका हसायचे. म्हणून प्रत्येक मशीनचे आकडे ते कागदावर लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, त्याला बाकावर बसवून आधी डिस्कची सगळी कुळकथा विचारत.

या पद्धतीने त्यांनी जिल्हाभरातल्या लोकांचे लग्नाचे फोटो, शाळांचे निकाल, देवस्थानांचे कागद परत मिळवून दिले. त्याबद्दल काकांच्या या गौरवग्रंथात इतर मंडळी लिहितीलच. मला जे लिहायचं आहे, ते दुसऱ्या कुणालाच माहीत नाही.

मालतीकाकी, म्हणजे काकांच्या पत्नी, प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. मुलांच्या श्रुतलेखनासाठी त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर आपल्या आवाजात धडे वाचून ठेवले होते. त्या गेल्या आणि ते मशीनही बंद पडलं. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेही नव्हता. मुंबईला असणाऱ्या त्यांच्या मुलीने, नंदाताईंनी, तो आवाज मागितला, तेव्हा काका मला म्हणाले, "माका ता उघडूक जमना नाय गो. तूच कर."

मी नुसती डिस्क काढून दुकानात आणली. मशीन पडवीतच राहिलं. झाकण उघडून कागद पाहिला नाही, काकांना एक शब्द विचारला नाही, डिस्कची नक्कलही घेतली नाही. सहा वर्षं काम केल्याची मस्ती होती माझ्या अंगात, दुसरं काय! डिस्कवरचा तक्ता खराब झाला होता. सॉफ्टवेअरने नव्या मशीनला विचारलं, त्याने दोनशे पंचावन्न हेड सांगितले आणि मी ते मान्य केले. खरे होते सोळा. भागांच्या हद्दी सरकल्या. आवाजाचा भाग उघडेना, तेव्हा पडद्यावर प्रश्न आला, डिस्क दुरुस्त करू का? मी 'हो' दाबलं. त्या दुरुस्तीने काकींच्या आवाजावरच नवं काहीबाही लिहिलं.

काकांनी दोन दिवस खटपट केली. एक वाक्यही परत आलं नाही. मी रडत बसले होते. त्यांनी माझ्यासमोरच नंदाताईंना फोन लावला आणि म्हणाले, "तिचो आवाज माझ्याच हातान गेलो गो." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. काका फक्त "होय, होय" म्हणत राहिले. मी खरं सांगायला फोन मागितला, तर त्यांनी हात धरला. "तुका हयच काम करूचा आसा. लोकांचो तुझ्या हातार विश्वास रवाक व्हयो. कोणाक सांगू नको." दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला आलेली एका शाळेची डिस्क त्यांनी माझ्याच टेबलावर ठेवली.

त्यानंतर नंदाताई कसालला आल्या नाहीत. इतरांच्या हरवलेल्या वस्तू परत देणारा माणूस आईचा आवाज जपू शकला नाही, हे त्यांना सहन झालं नसणार. त्यांचं चुकलं, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? चतुर्थीला काका एकटेच जेवतात. आणि मी त्यांच्याच दुकानात, त्यांच्याच पुण्याईवर, हुशार बाई म्हणून मिरवते आहे. गप्प राहण्याचा मला मनापासून वीट आला आहे.

काका, तुमचा शब्द मी आज मोडते आहे. रागावा, पण मोडते आहे.

काका पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांना निरोगी, भरपूर आयुष्य मिळो, ही भगवतीच्या चरणी प्रार्थना. या ग्रंथाची पहिली प्रत मी स्वतः मुंबईला नेऊन नंदाताईंच्या हातात देणार आहे, याच पानावर बोट ठेवून. ताई, तुमच्या आईचा आवाज मी पुसला. तुमच्या वडिलांनी नाही.